खोबरेल तेल वापरायला सुरुवात करताय? आधी पाणी, मग तेल

आमच्या बचत गटाने खोबरेल तेल काढायला घेतलं तेव्हापासून गावातल्या बाया मला रस्त्यात थांबवून विचारतात, ताई भेगांना कसं लावू, पोरीचे केस गळून राहिले तर किती लावू, बाळाला चालते का, आणि परवा एका काकूंनी विचारलं की रोज चमचाभर प्यायलं तर शुगर जाते का. प्रत्येकीला उभ्या-उभ्या सांगताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते, घरी कापूस-तूर आहे, आणि इथे जे लिहिलं ते हाताने केलेलं आहे, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून पक्कं करून घेतलेलं आहे, थोडं वाचलेलंही आहे. आपल्याकडे नारळाचं झाड औषधाला सापडत नाही, आपलं तेल म्हणजे फल्ली (शेंगदाणा), जवस, करडई, तीळ, त्यामुळे खोबरेल म्हटलं की डोक्याला लावायची बाटली एवढंच बऱ्याच घरी माहीत असतं. ज्यांना अगदी सुरुवातीपासून समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हे आहे.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की तेलात पाणी नसतं. ते नवीन ओलावा आणत नाही, असलेला दाबून धरतं. आपल्या इकडे दिवाळी झाली की हवा एकदम कोरडी पडते, पायाच्या नळीवर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते, ती कातडीतलं पाणी उडून गेल्याची खूण आहे. आता वावरातून आल्यावर तशाच कोरड्या धुळकट पायांवर तेल चोपडलं तर वरून चकाकतं आणि संध्याकाळी पुन्हा तीच रेघ, मग बाया म्हणतात तेलाने काही फरक नाही पडत. फरक पडतो, पण आंघोळ झाल्याबरोबर, टॉवेलने अंग खसाखसा न पुसता नुसतं टिपून, कातडी ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत लावलं तर. पूर्ण लेखातलं हे एवढं जरी पाळलं तरी अर्धं काम झालं.

तेल कोणतं घ्यायचं

दुकानात गेलं की बाटल्याच बाटल्या. वाळलेल्या खोबऱ्याचं साधं तेल असतं, घाण्यावर किंवा एक्सपेलरवर काढलेलं, त्याला खोबऱ्याचा खमंग वास येतो. रिफाइंड असतं, त्याला वास जवळपास नसतोच. आणि व्हर्जिन म्हणून जे मिळतं ते ओल्या नारळाचं, पाण्यासारखं स्वच्छ आणि लय महाग. अंगाला लावायला तिन्ही चालतात, ऐपत नसताना व्हर्जिनच्या मागे लागायची गरज नाही.

चौथा प्रकार मात्र नीट बघून घ्या. बाटलीवर नारळाचं चित्र असतं, नाव पण नारळाचं, आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेलं तेल, त्यात थोडं खोबरेल आणि सुगंध. ते काही विष नाही, कोरड्या कातडीवर तेही ओलावा धरतं, पण खोबरेलचे पैसे मोजून ते कशाला आणायचं, आणि केसांच्या आत ते मुरत नाही. म्हणून बाटली उलटी करून मागचं वाचायची सवय लावा, चष्मा लागत असेल तर पोराला वाचायला सांगा. शुद्ध खोबरेलच्या बाटलीवर बहुतेक वेळा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, नंबर असतो म्हणजे ते खायच्या दर्जाचं म्हणून विकलेलं असतं. यावरूनच खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल असा टॅक्सचा वाद कित्येक वर्षं चालला होता, शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लहान बाटलीत आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेलला केसांचं तेल ठरवता येत नाही.

घरी परीक्षा करायची असेल तर आपला हिवाळा आहेच. खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गेलं की थिजतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्या इकडे पहाटे पारा 10 च्याही खाली जातो, तेव्हा बाटलीतलं तेल दगडासारखं घट्ट झालं नाही तर त्यात दुसरं काही आहे हे समजा. उन्हाळ्यात वाटीत थोडं घेऊन फ्रीजमध्ये ठेवून बघा. पण थिजलं म्हणजे शंभर टक्के शुद्धच असंही धरून चालू नका कारण पाम कर्नल तेलही थिजतं. 2025 मध्ये खोबऱ्याचे भाव एवढे चढले की तेव्हापासून कोणी फारच स्वस्तात देत असेल तर मी घेत नाही.

थिजलेलं तेल वितळवायचं म्हणून प्लॅस्टिकची बाटली चुलीच्या तोंडाशी ठेवतात बाया, कृपा करून असं करू नका, बाटली वाकते, आणि एखाद्या दिवशी भडका होईल. कोमट पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाच मिनिटं बाटली ठेवा, नाहीतर अंगणात उन्हात. आम्ही हिवाळ्यात तेल रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवतो, चमच्याने खरवडून तळहातावर घेतलं की अंगाच्या गरमीनेच वितळतं. घट्ट होणं-पातळ होणं यात तेल खराब होत नाही, लहान पोट्ट्यांना वाटतं बिघडलं आणि फेकून देतात.

घाण्यावरचं आणि घरचं

आता तालुक्याच्या गावी पुन्हा लाकडी घाणे निघाले आहेत. स्वतः खोबरं घेऊन जाणार असाल तर वाटी फोडून बघा, आतून करडी-काळी बुरशी, मऊ लागणारं किंवा वास मारणारं खोबरं एकही त्यात जाऊ देऊ नका, बुरशीच्या खोबऱ्याचं तेल खाण्यात आलं तर वाईट. खूपच पांढरंशुभ्र दिसणारं खोबरं कधी कधी गंधकाची धुरी दिलेलं असतं, आम्ही थोडं पिवळसर असलेलंच घेतो. नीट वाळलेल्या एक किलो खोबऱ्यातून आम्हाला अर्ध्या किलोच्या थोडं वर तेल मिळतं. आणल्यावर दोन-तीन दिवस स्टीलच्या डब्यात स्थिर ठेवायचं, गाळ खाली बसतो, मग वरचं तेल हलक्या हाताने बरणीत काढायचं. ढेप फेकू नका, गाईला थोडी थोडी चालते.

महालक्ष्म्या, नवरात्र आणि लग्नसराईत ओटीचे नारळ घरात साचतात तेव्हा मी ओल्या नारळाचं तेल घरी काढते. चार-पाच नारळ खोवायचे, मिक्सरमध्ये कोमट पाणी टाकून बारीक फिरवायचे, सुती कापडातून पिळून दूध काढायचं, चोथ्यात पुन्हा पाणी टाकून दुसऱ्यांदा पिळायचं. हे सगळं दूध एका काचेच्या बरणीत झाकून रात्रभर ठेवलं की सकाळी वर घट्ट साय येते आणि खाली पांढरट पाणी राहतं. ती साय अलगद काढून जाड बुडाच्या कढईत एकदम मंद आचेवर ठेवायची आणि तिथून हलायचं नाही. आधी फेस येतो, मग बुडबुडे कमी होत जातात, तळाशी कण सोनेरी होतात आणि तेल वर सुटतं. कण लाल व्हायच्या आत गॅस बंद. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मध्येच फोन आला, मी बोलत राहिले आणि सगळं करपलं, ते तेल कशालाच कामाचं राहिलं नाही. थंड झाल्यावर कोरड्या कापडातून कोरड्या बरणीत गाळायचं. चार-पाच नारळांचं वाटीभर निघतं, जास्त अपेक्षा ठेवू नका. आणि पाण्याचा अंश राहिला तर महिन्याभरात खवट वास येतो, म्हणून बुडबुडे पूर्ण थांबल्याशिवाय उतरवायचं नाही, बरणीत ओला चमचा घालायचा नाही. तळाचे सोनेरी कण गूळ टाकून पोरांना द्या, वाट बघत असतात.

अंगाला कसं आणि किती

पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. खोबरेलची ऍलर्जी क्वचितच होते पण होते, खाज-पुरळ आली तर सोडून द्या. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला दोन लहान चमचे भरपूर झालं. तेल ओघळलं म्हणजे जास्त फायदा असं काही नाही, उलट पाय घसरून पडायची भीती, फरशीवाल्या बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसाला तर आत तेल लावूच देऊ नका.

कोरड्या कातडीचा फायदा हा खरंच तपासलेला आहे. लहान मुलांच्या एक्झिमावर, म्हणजे ते कोपरा-गुडघ्याच्या वळणात लाल होऊन खाजत राहतं ना, त्यावर फिलिपाइन्समध्ये आठ आठवडे अभ्यास झाला होता, 2014 मध्ये छापून आला, त्यात व्हर्जिन खोबरेल लावलेल्या मुलांना मिनरल ऑइलवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला. खोबरेलमध्ये जवळपास निम्मं लॉरिक ऍसिड असतं आणि काही जंतूंवर त्याचा परिणाम होतो, तेही एक कारण सांगतात. पण डॉक्टरने मलम दिलं असेल तर ते बंद करून तेल नाही लावायचं, दोन्ही आपापल्या जागी.

उन्हाळ्यात हिशोब बदलतो. एप्रिल-मे मध्ये 45 अंशांत कूलरसमोरही घाम सुटतो, तेव्हा अंगभर तेल चोपडलं तर घामाची छिद्रं दाबली जातात आणि घामोळ्या वाढतात. त्या दिवसांत फक्त टाचा, कोपरं, ओठ, बाकी अंगाला सुती कपडा आणि साधं पाणी. आणि कोणी सांगितलं की खोबरेल लावलं की ऊन लागत नाही तर विश्वास ठेवू नका, आपल्या विदर्भाच्या उन्हाला तेल अडवत नाही, डोक्याला दुपट्टा बांधा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

टाचांच्या भेगा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या बायांचे पाय कोणी बघत नाही, आपण स्वतःही नाही. निंदणाला अनवाणी, डवरणीच्या ढेकळात अनवाणी, पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत रोवणीला दिवस दिवस चिखलात, आणि मग हिवाळ्यात भेगा एवढ्या फाटतात की लुगड्याचा धागा त्यात अडकतो. रात्री जेवणं आटोपली की घमेल्यात कोमट पाणी घ्या, पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवून बसा, टीव्ही बघत बसा, पण बसा. मग वजरीने हलक्या हाताने घासा, रक्त काढायचं नाही, ब्लेडने तर अजिबात नाही. पाय टिपून लगेच तेल, भेगेच्या आतपर्यंत बोटाने दाबून, आणि वरून जुने सुती मोजे. मोजे नसतील तर जुनी सुती पट्टी. भेग फार खोल असेल तर खोबरेल पातळ पडतं, तिथे साधं पांढरं व्हॅसलीन जास्त टिकतं, मी तेल विकत असले तरी हे सांगायला मला काही वाटत नाही. दोन आठवडे रोज केलं तरच फरक दिसतो, मंगळवारी केलं आणि शनिवारी आठवलं तर नाही.

बोटांच्या बेचक्यात तेल नको. तिथे ओल राहून कातडी पांढरी भिजट होते, चिखल्या होतात, त्यात तेल म्हणजे बुरशीला आणखी घर. चिखल्या असतील तर पाय धुऊन बेचके कोरडे करा आणि केंद्रातून बुरशीचं मलम घ्या. शुगर असलेल्यांनी पायाला तेल जरूर लावा पण पाणी किती गरम आहे ते पायाने बघू नका, कोपराने बघा किंवा घरच्याला हात घालायला सांगा, पाय बधिर असतात आणि भाजलेलं कळत नाही.

वेचणी आणि फवारणी

कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, सगळ्यांना माहीत आहे ती आग. संध्याकाळी हात साबणाने धुवा, ओले असताना नखांच्या कडेला तेल जिरवा, झोपताना पुन्हा एकदा. सकाळी वेचायला जाताना मात्र हात कोरडे ठेवा, तेलकट हाताने कापूस खराब होतो.

फवारणीचं वेगळं सांगते आणि हात जोडून सांगते. काही जण फवारणीला जाताना अंगाला तेल लावून जातात, औषध आत जात नाही म्हणून. तेल म्हणजे हातमोजा नाही. कीटकनाशकं कित्येक तेलातच विरघळणारी असतात, ती कातडीला चिकटून बसतात. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली ते आपण डोळ्याने पाहिलं आहे. मोजे, मास्क, पूर्ण कपडे, वारा येतो त्या बाजूला पाठ, आणि घरी आल्यावर आधी कपडे वेगळे, साबण लावून आंघोळ. तेल त्याच्या नंतर, हवं असेल तर.

केस

खोबरेल केसांना का चांगलं याचं कारण मला समजलं तेव्हा लय बरं वाटलं. बाकीची बरीच तेलं केसावर बसून राहतात, खोबरेलचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. 2003 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही केसांवर लावून बघितली, धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रोटीन जे झडतं ते फक्त खोबरेलने कमी झालं. मग लावायचं कधी तर धुवायच्या आधी. रात्री एक-दीड चमचा घेऊन मधल्या भागापासून टोकांपर्यंत, सकाळी धुवायचं. वेळ नसेल तर तासभर आधी. इथे मात्र कोरड्या केसांवरच लावा, अंगाचा नियम उलटा आहे, कारण पाणी पिऊन केस फुगायच्या आधी तेल आत गेलं पाहिजे.

तुटणं कमी होतं हे खरं. नवीन केस उगवतात, टक्कल भरतं, पांढरे काळे होतात हे खरं नाही. पोरीचे केस मुळासकट झुपके झुपके जाऊन राहिले असतील तर तेल बदलत बसू नका, रक्त तपासा, आपल्या इकडच्या पोरींना हिमोग्लोबिन कमी असण्याचाच प्रश्न बहुतेक वेळा निघतो. टाळूला चिकट पिवळा कोंडा असेल तर तेल चोपडणं थांबवा, कारण कोंड्यात जी बुरशी असते ती तेलातल्याच फॅटी ऍसिडवर वाढते. कोरडा भुरभुरता कोंडा असेल तर चालतं. उवांसाठी तेल लावलं की फणी सरकते आणि उवा निसटत नाहीत एवढा उपयोग, लिखा काही त्याने मरत नाहीत, आठवडाभराच्या अंतराने पुन्हा फणी फिरवावीच लागते आणि घरातल्या सगळ्या पोरींना एकाच दिवशी.

चेहरा, बाळ आणि एक नाजूक गोष्ट

चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेल चेहऱ्याला लावूच नका, छिद्रं बुजतात आणि आणखी येतात. वांगाचे डाग पण त्याने जात नाहीत. ओठांना, डोळ्याचं काजळ पुसायला, नाकाच्या कडेला सर्दीत सोललं असेल तर मस्त.

बाळाच्या मालिशला खोबरेल चांगलं, हलका हात आणि ऊबदार खोली असली म्हणजे झालं. पण आपल्याकडे जुन्या बाया बाळाच्या नाकात, कानात, टाळूवर वाटीभर तेल सोडतात. माझ्या आजेसासूबाई म्हणायच्या, "व माय, तेल नाई सोडलं तर पोराचं टाळू कसं भरन?" टाळू आपोआप भरतं. नाकातलं तेल बाळाच्या फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होतो, म्हणून घरात कितीही बोलणी खावी लागली तरी नाकात-कानात थेंब घालू देऊ नका. नाळेच्या जागीही काही लावायचं नाही.

आणि नवीन लग्न झालेल्यांना सांगते, लाजून उपयोग नाही, निरोध वापरत असाल तर सोबत कुठलंच तेल वापरू नका, तेलाने रबर कमजोर होऊन फाटतं.

खायचं का

चवीसाठी, अधूनमधून, हो. आपण तसंही रश्श्याच्या वाटणात भाजलेलं खोबरं घालतोच. पण रोज सकाळी उपाशीपोटी चमचा पिऊन वजन उतरतं, शुगर जाते असं जे मोबाईलवर फिरून राहिलं त्याला काही आधार नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी असतात, म्हणजे जवळपास एका पोळीएवढ्या. आणि खोबरेलमधली जवळपास 90 टक्के चरबी संतृप्त प्रकारची असते, म्हणजे डालडा-तुपासारखी थिजणारी. 2020 मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितलं तेव्हा दिसलं की सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल साधारण 10 अंकांनी वाढतं. केरळवाले खातात ना मग आपल्याला काय होतं असं विचारतात, पण कोणाच्या घरी काय चालतं यावरून आपल्या बापाचं कोलेस्टेरॉल ठरत नाही. आपलं फल्लीचं, करडईचं आलटून पालटून वापरा, जवसाची चटणी खा, आणि हार्टचा पेशंट घरात असेल तर खोबरेलचा स्वयंपाक नको.

तेलाच्या गुळण्या करतात काही लोक. करायच्या तर करा, गिळू नका, ब्रश सोडू नका. पण खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांनी नीट ऐका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तिखट लागलं की आग होत असेल, तोंड पूर्वीसारखं तीन बोटं उघडत नसेल, तर गुळण्यांमध्ये महिने घालवू नका, दाताच्या डॉक्टरला दाखवा आणि खर्रा त्याच दिवशी सोडा. ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

जिथे तेल लावायचंच नाही

भाजलं की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. नको. नळाचं किंवा माठातून ओतत साधं पाणी वीस मिनिटं, तेल-हळद-टूथपेस्ट काही नाही, तेलाने आतली आच अडकून राहते. नायट्यावर तेल लावून तो जात नाही, आणि दुकानातून आणलेली ती मिक्स मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, त्याने आधी बरं वाटतं आणि मग मांडीभर पसरतो. खरूज असेल, रात्री बोटांच्या बेचक्यात जीवघेणी खाज, तर घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री केंद्रातलं मलम लावायचं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात. तेलाने फक्त खाज थोडा वेळ दबते आणि तेवढ्यात ती शेजारच्या घरी जाते.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर आणि मांडीवर फिकट चट्टे होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. ते म्हणायचे, "काही नाई व, कातडं कोरडं पडलं, तेल लावजो." आणि मी लावत राहिले, वर्षभर, रोज आंघोळीनंतर, मनापासून. चट्टे चकाकायचे आणि आम्हाला वाटायचं सुधारणा आहे. एक दिवस त्यांच्या पायात काटा मोडून पिकला आणि त्यांना पत्ताच नाही, तेव्हा केंद्रात नेलं. सिस्टरने चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं, विचारलं कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा, त्यांना दाखवता येईना. कुष्ठरोग. औषध फुकट मिळालं, बारा महिने घेतलं, रोग बरा झाला, आमच्यातल्या कोणाला लागण झाली नाही. पण पायाची गेलेली जाणीव परत आली नाही, ती वर्षभर आधी गेलो असतो तर कदाचित वाचली असती. म्हणून फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर घाम येत नाही, लव झडलेली आहे, टोचलेलं कळत नाही, त्यावर तेलाचा एक थेंबही न लावता आशाताईंना दाखवा. लपवू नका, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं त्याला 75 वर्षं झाली, आपल्या विदर्भात तरी या रोगाची लाज बाळगायचं काही कारण उरलेलं नाही.

आता तेल सासऱ्यांच्या पायांना रोज लागतं आणि ते सिस्टरनेच शिकवलं. बधिर पायाला घाम येत नाही म्हणून कातडी सुकून फाटते, आणि भेगेतून जखम होते जी त्यांना कळत नाही. रोज रात्री साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवतात, मी टाचेची जाड कातडी वजरीने हळूच घासते, पाणी निथळू देऊन लगेच तेल लावते. मग पोराच्या हातात टॉर्च असतो, मी आरसा धरून तळव्याचा एकेक कोपरा बघते, काटा, फोड, लाल डाग काही आहे का. सकाळी ते केंद्रातून मिळालेली मऊ रबराची चप्पल घालूनच अंगणात उतरतात, आणि घालायच्या आधी ती उलटी करून झटकतात, कारण आत खडा असला तरी त्यांना कळणार नाही.